हडपसरच्या लशीचा शेअर बाजारात नाही

परदेशात कुठे मेनिंजायटिसची साथ आल्याची बातमी झळकली की दोन दिवसांत माझ्या फोनवर निरोप यायला लागतात. "ताई, यावरची लस कोण बनवतं? आपल्याकडे लिस्टेड आहे का?" मी हडपसरला शेअर ब्रोकिंगचं काम करते. विचारणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. मगरपट्ट्यात नोकरी करणारी मुलं, निवृत्त शिक्षक, मांजरीतले दोघे-तिघे बागाईतदार. कुणी दुष्ट नाही. पण आजाराची बातमी म्हणजे कमाईची संधी, हा हिशेब करोनाने त्यांच्या डोक्यात पक्का बसवला आहे. तो पैशाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. मेनिंजायटिसच्या बाबतीत तो किती चुकीचा आहे, हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

एप्रिल २०२१ आठवा. लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र-रात्र धावत होते. त्याच दिवसांत बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या शेअरला अप्पर सर्किट लागत होतं. तीन आठवड्यांत भाव दुपटीच्या वर गेला, एकेक शेअर वीस हजारांपुढे. या कंपनीने औद्योगिक वायूंचा धंदा २०१९ सालीच बंद केलेला होता. तिची कमाई गुंतवणुकीतून होती, ऑक्सिजनचा एक सिलिंडरही ती भरत नव्हती. निव्वळ नाव वाचून माणसांनी कष्टाचे पैसे लावले. त्याच वर्षी मॅग्मा फिनकॉर्प ही कर्ज देणारी कंपनी पूनावाला फिनकॉर्प झाली, तेव्हाही 'हीच ना ती लसवाली?' असे फोन मला आले. लस करणारी पूनावालांची सिरम इन्स्टिट्यूट वेगळी आणि ती शेअरबाजारात नोंदलेलीच नाही, हे मी तेव्हापासून सांगत आले आहे.

आता मेनिंजायटिस. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जी आवरणं असतात त्यांना सूज येते. ती विषाणूमुळे आली तर बहुतेक वेळा माणूस बरा होतो. जिवाणूमुळे आली तर तासांचा खेळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जिवाणूमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला कायमची मोठी इजा होते. कुणाची ऐकण्याची शक्ती जाते, कुणाला फिट्स सुरू होतात, कुणाचे हातपाय कापावे लागतात. मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस आणि हिब हे यामागचे तीन मोठे जिवाणू. तिन्हींवर लशी आहेत.

हिब काय करतो ते मी घरात पाहिलं आहे. १९९८ साली माझी भाची आठ महिन्यांची होती, कऱ्हाडला. दोन दिवस ताप होता. दात येतायत म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढेना, मान मागे टाकायला लागली, आणि वहिनीने डोक्यावरून हात फिरवला तर टाळू टम्म फुगलेली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढलं. बाटलीत थेंब थेंब पडणारं ते पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. ते नितळ असायला हवं, पण तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. पोर वाचली. घरी आणल्यावर महिन्याभराने गल्लीतून वरात गेली, अगदी दारासमोर बँजो वाजत होता आणि ती पाळण्यात गाढ झोपून होती. वहिनीने आतून स्टीलचं ताट आणलं आणि तिच्या कानाशी आपटलं. पापणीसुद्धा हलली नाही. दोन्ही कान गेले होते.

मेनिंजायटिसनंतर कानाच्या आतल्या शंखात हाड वाढायला लागतं. एकदा तो भरला की कॉक्लियर इम्प्लांटची तारसुद्धा आत नीट जात नाही. म्हणून दवाखान्यातून सोडतानाच ऐकण्याची तपासणी करून घ्यावी लागते आणि पुढचे निर्णय झटपट घ्यावे लागतात. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. ज्या पालकांचं मूल आज या आजारातून उठलं आहे त्यांनी तरी ही तपासणी लांबवू नये.

पण मला जास्त सलते ती दुसरी गोष्ट. हिबवरची लस अमेरिकेत तान्ह्या बाळांना १९९०पासून मिळत होती. आपल्याकडे ती खासगी दवाखान्यात, पैसे मोजणाऱ्यांसाठी होती. सरकारी लसीकरणात ती पंचगुणी लशीतून डिसेंबर २०११मध्ये आली, आधी केरळ आणि तमिळनाडूत, मग हळूहळू बाकीच्या राज्यांत. मधली वीस वर्षं लशीत काही कमी नव्हतं. ती बाजारात होती, तिच्या कंपन्यांचे शेअरही बाजारात होते, त्यांचे तिमाही निकाल चांगले लागत होते. फक्त कऱ्हाडच्या बाळापर्यंत ती पोचत नव्हती, कारण त्या बाळासाठी ठोक खरेदी करणारं कुणी नव्हतं.

हे सांगितल्यावरही काही जण म्हणतात, ठीक आहे ताई, पण चांगली कंपनी असेल तर सांगा ना. मग मी आकडे मांडते. मेनिंगोकॉकसच्या लशी विकणाऱ्यांत ब्रिटनची जीएसके आघाडीवर आहे. बेक्सेरो आणि मेनव्हिओ या तिच्या लशी. २०२३ साली या लशींची जगभरातली विक्री सव्वाशे कोटी पौंडांच्या आसपास होती. मोठी रक्कम वाटते, पण त्याच वर्षी कंपनीची एकूण विक्री तीन हजार कोटी पौंडांच्या वर होती. म्हणजे शंभरातले चार. फायझरची न्यूमोकॉकसवरची प्रेव्हनार ही लस त्या वर्षी सुमारे ६४० कोटी डॉलरची विकली गेली, तीही मुख्यतः न्यूमोनियासाठी ओळखली जाते, आणि कंपनीची एकूण विक्री होती ५,८०० कोटी डॉलरपेक्षा जास्त. युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात विद्यार्थी आजारी पडले म्हणून या कंपन्यांच्या नफ्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. साथ आटोक्यात आणायला लागतात काही हजार डोस. बातमीवर भाव हललाच तर तो घेणाऱ्यांच्या घाईने हलतो आणि आठवड्याभरात उतरतो. शेवटी घेणारा अडकतो.

आपल्याकडे जीएसके फार्मा, फायझर आणि सनोफी इंडिया या नावांचे शेअर मुंबई बाजारात आहेत. पण त्या इथल्या कंपन्या आहेत आणि त्यांचा ताळेबंद इथल्या विक्रीचा. लंडन-न्यूयॉर्कमधल्या मूळ कंपनीने लशीवर कमावलेला नफा इथल्या भागधारकाच्या खात्यात येत नाही. एवढी साधी गोष्ट दर साथीला नव्याने सांगावी लागते.

बेक्सेरोची कहाणी मात्र प्रत्येक गुंतवणूकदाराने वाचण्यासारखी आहे. मेनिंगोकॉकसच्या 'बी' गटावर लस करणं फार अवघड होतं. इटलीतल्या सिएना इथे रिनो रॅपुओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून त्यातून लशीचे घटक शोधले. विज्ञानातलं मोठं काम. २०१३च्या जानेवारीत, ही लस तेव्हा ज्या कंपनीकडे होती त्या नोव्हार्टिसला, युरोपात परवानगी मिळाली. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने आधी सांगितलं, या किमतीला सरकारी खर्चाने देणं परवडणार नाही. २०१४मध्ये तीच समिती म्हणाली, भाव उतरवला तर द्या. छापील किंमत होती ७५ पौंडांची. वर्षभर घासाघीस चालली. त्यात नोव्हार्टिसने लशींचा धंदाच जीएसकेला विकून टाकला आणि सौदा जीएसकेशी झाला. सप्टेंबर २०१५पासून ब्रिटनमधल्या बाळांना ती लस मोफत मिळू लागली. म्हणजे श्रीमंत देशातसुद्धा बाळाच्या दंडापर्यंत लस पोचली ती सरकारने ठोक खरेदीचा शब्द दिला तेव्हा.

आता आफ्रिकेकडे या, कारण या आजाराचं खरं घर तिथे आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा एक पट्टा आहे. कोरड्या ऋतूत हरमॅटन वारा सुटतो, धुळीने घसे सोलवटतात आणि साथ पसरते. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजार मेले. त्या साथीत फायझर नायजेरियातल्या कानो शहरात पोचली ती ट्रोव्हन नावाचं नवं प्रतिजैविक घेऊन. कंपनीचं ते मोठ्या आशेचं औषध होतं, अमेरिकेत मंजुरी मिळवायची होती. दोनशे मुलांवर चाचणी झाली, निम्म्यांना ट्रोव्हन, निम्म्यांना जुनं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. अकरा मुलं दगावली, दोन्ही गटांत मिळून. कंपनीचं म्हणणं, मृत्यू आजाराने झाले. पालकांचं म्हणणं, मुलांवर प्रयोग चालला आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. २०००मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हे प्रकरण बाहेर काढलं आणि २००९मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. चाचणी चालली त्याच रुग्णालयात, त्या साथीच्या दिवसांत, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची माणसं स्वस्त क्लोरॅम्फेनिकॉलची इंजेक्शनं देत मुलं वाचवत होती. मी कंपन्यांचे अहवाल वाचून पोट भरते, तरी मला हे लिहावंसं वाटतं, की नवीन औषधाच्या अपेक्षेने भाव वर जातो तेव्हा ती अपेक्षा कुणाच्या अंगावर तपासली जाते हे विचारणं भागधारकाचंही काम आहे.

त्या साथीनंतर आफ्रिकेतल्या आरोग्यमंत्र्यांनी लस मागितली आणि सोबत एक अट घातली. डोस अर्ध्या डॉलरच्या आत पडला पाहिजे, नाहीतर आम्ही घेऊच शकणार नाही. २००१मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले, 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या, मार्क लाफोर्स या डॉक्टरांनी प्रकल्प हाती घेतला. मोठ्या कंपन्यांशी बोलणं झालं, पण या भावाला कुणी तयार होईना. तेव्हा प्रकल्प हडपसरला, सिरमकडे आला.

इथे तांत्रिक भाग थोडा सांगते. मेनिंगोकॉकसच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं कवच असतं. नुसत्या कवचाची लस आधीपासून होती, पण तान्ह्या मुलांत तिचा फारसा उपयोग नव्हता आणि मोठ्यांतही ती थोडीच वर्षं टिकायची. तेच कवच एखाद्या प्रथिनाला जोडलं की बाळाचं शरीरही ते ओळखून लक्षात ठेवतं. हिबची लस याच पद्धतीची. जोडायचं प्रथिन धनुर्वाताच्या लशीतलं, आणि ते तर सिरम वर्षानुवर्षं करतच होती. १९६६मध्ये सायरस पूनावालांनी कंपनी काढली ती घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचं औषध करण्यासाठी. साखरेचा भाग सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅमहून आला आणि जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने शिकवली. लस तयार झाली, मेनआफ्रिव्हॅक, डोसाला ४० सेंट.

६ डिसेंबर २०१०ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. एक वर्षापासून एकोणतीस वर्षांपर्यंतच्या एक कोटीहून जास्त लोकांना त्या महिन्यात लस मिळाली. २०१२मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ही लस ४० अंश उष्णतेत चार दिवस राहिली तरी बिघडत नाही, त्यामुळे बर्फाची पेटी पोचत नाही अशा वाड्या-वस्त्यांवरही ती नेता आली. पुढे पट्ट्यातल्या तीस कोटींहून जास्त लोकांना ती टोचली गेली आणि साथीचा राक्षस असलेल्या 'ए' गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण २०१७नंतर या पट्ट्यात सापडलेला नाही. मेनिंजायटिसच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं यश. ते आमच्या ऑफिसपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर घडलं, आणि त्या कंपनीचा एकही शेअर मी कुणाला विकत घेऊन देऊ शकत नाही.

यावर माझे काही ग्राहक म्हणतात, म्हणजे खासगी कंपनीनेच केलं ना? हो, केलं. बाजाराशी माझं भांडण नाही, माझं घर त्यावर चालतं. पण नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी भागधारकांना तोंड द्यावं लागतं. दहा वर्षं खपून ४० सेंटला विकायची लस करू, असं कॉन्फरन्स कॉलवर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भाव कोसळेल. एका कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीला तो धीर परवडला. दुसरं म्हणजे तिथेही दाता पैसे घेऊन उभा होता, तंत्रज्ञान सरकारी प्रयोगशाळेतून आलं होतं आणि कुठल्या भावाला घेणार हे घेणाऱ्या देशांनी आधीच सांगितलं होतं. ही तिन्ही कामं शेअरबाजाराने केलेली नाहीत. आणि एका कुटुंबाच्या मनावर देशाचं लसधोरण सोपवताही येत नाही. परळची हाफकिन राज्य सरकारची आहे, तिने पोलिओचे डोस वर्षानुवर्षं पुरवले. पूनावालांच्या तबेल्यातले घोडे एकेकाळी हाफकिनलाच जात होते. त्या संस्थेकडे सरकारने नव्या लशींची कामं आणि त्यासाठी लागणारे पैसे दिले पाहिजेत. हे मी ठामपणे म्हणते.

आपल्याकडे सगळ्यांना मेनिंगोकॉकसची लस लागत नाही. हजला जाणाऱ्यांना ती सौदी अरेबियाने सक्तीची केली आहे, २०००-०१मध्ये यात्रेनंतर 'डब्ल्यू' गटाची साथ पसरल्यापासून चार गटांची. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या बऱ्याच मुलांकडून विद्यापीठं ती मागतात. पण बाळांना लागणाऱ्या दोन लशी सरकारी केंद्रात मोफत आहेत. पंचगुणी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, त्यात हिब येतो. न्यूमोकॉकसची सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात बूस्टर. न्यूमोकॉकसची लस २०१७पासून काही राज्यांत आणि २०२१मध्ये देशभर आली. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी आज कार्ड काढून या तारखा पाहाव्यात.

आफ्रिकेतून 'ए' गट गेला तरी 'सी', 'डब्ल्यू', 'एक्स' शिल्लक आहेत. सिरम आणि पाथने तेरा वर्षं खपून पाच गटांची एक लस केली, ब्रिटन सरकारच्या पैशाच्या मदतीने. जुलै २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि मार्च २०२४मध्ये नायजेरियाने जगात सर्वप्रथम ती वापरायला सुरुवात केली. तिथे आधीच्या सहा महिन्यांत या आजाराने दीडशेवर माणसं गेली होती. डोस साधारण तीन डॉलरला. अमेरिकेत मिळणाऱ्या फायझरच्या पाच गटांच्या लशीची किंमत दोनशे डॉलरच्या वर आहे. दोन्हींतले गट अगदी तेच नाहीत, पण अंतर केवढं आहे ते दिसतं.

हे तीन डॉलर देतं कोण? मुख्यतः गावी, म्हणजे गरीब देशांसाठी लशी विकत घेणारी जागतिक संघटना. जून २०२५मध्ये अमेरिकेने गावीला पैसे देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. गावीने पुढच्या पाच वर्षांसाठी ११९० कोटी डॉलर मागितले होते, ब्रसेल्सच्या बैठकीत ९०० कोटींच्या वर आश्वासनं मिळाली. उरलेल्या तुटीत कुठली लस कापली जाईल? ज्या साथी दर काही वर्षांनी येतात त्यांच्या लशी पुढे ढकलायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण साथ नसलेल्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. भारताने गावीकडून बरंच घेतलं आहे आणि आपल्या कारखान्यांनी गावीला बरंच विकलंही आहे. या खेपेला आपण खर्चाचा मोठा वाटा उचलला पाहिजे. त्यातला बराचसा पैसा पुण्याच्या आणि हैदराबादच्या कारखान्यांत मागणी म्हणून परत येईल, हेही आकडे पाहणाऱ्या अर्थखात्याला सांगता येईल. कोरडा ऋतू दर डिसेंबरला सुरू होतो. त्याआधी डोस नायजर, चाड, मालीच्या गोदामांत पोचायचे असतील तर खरेदीचा शब्द पावसाळ्यातच द्यावा लागतो.